एकटीची टाळी

नाटकाच्या बाईंच्या तासाला शिस्त अशी एकच होती, टाळीची. कोणी बाकावर बसो, कोणी खिडकीच्या कट्ट्यावर, कोणी जमिनीवर फतकल मारून. बाईंना त्याचं काही सोयरसुतक नसे. पण समोर दोघं जण प्रसंग करून दाखवत असताना ज्याला वाटेल की 'इथे काहीतरी बिघडलं', त्याने तिथल्या तिथे टाळी वाजवायची. टाळी वाजली की प्रसंग जागच्या जागी थिजायचा. मग बाई टाळीवाल्याकडे वळून म्हणायच्या, "हं, काय बिघडलं बाबा? सांग."

प्रसंग प्रेमातले असायचे. म्हणजे दहावी-अकरावीच्या वयात ज्याला प्रेम म्हणतात त्यातले. मुख्याध्यापकांना 'प्रेम' हा शब्द वेळापत्रकावर नको होता, म्हणून तासाचं नाव पडलं 'निरोगी मैत्री'. मुलं त्याला सरळ लफडी-तास म्हणायची. बाईंनाही मनातून तेच नाव पसंत होतं. निरोगी म्हटलं की माणसाला झोप येते.

या तासाला बाई स्पष्ट बोलायच्या. तो तुझा फोन तपासतो का? ती तुला मित्रांमध्ये बसू देत नाही का? हात उगारून मग तोच रडत माफी मागतो का? 'तू मला सोडलंस तर जीव देईन' म्हणतो का? याला काळजी म्हणत नाहीत रे, याला दावणीला बांधणं म्हणतात. आणि तास संपताना ठरलेलं वाक्य. ते मुलांना इतकं पाठ झालं होतं की बाईंनी तोंड उघडलं की अख्खा वर्ग सुरात म्हणायचा, "विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा! त्याने हसण्यावारी नेलं तर दुसऱ्याला सांगा!"

"शाब्बास पोपटांनो," बाई म्हणायच्या. "पळा आता."

बाईंच्या हाताखाली प्रसंग करणारी पाच-सहा मुलं होती. त्यांतला म्होरक्या म्हणजे वकील. वकील हे त्याचं टोपणनाव. चौथीत असताना त्याने 'खिडकी मी फोडली, पण चेंडू माझा नव्हता' असा युक्तिवाद करून शिक्षा अर्ध्यावर आणली होती, तेव्हापासून चिकटलेलं. उंच, नीटनेटका, मोठ्यांसमोर उगाच मान खाली न घालणारा मुलगा. प्रसंगात वाईट मुलगा नेहमी तोच व्हायचा आणि इतका हुबेहूब व्हायचा की पुढच्या बाकावरच्या मुली पाय आखडून घ्यायच्या. बाई शिक्षकांच्या खोलीत कौतुकाने सांगायच्या, "वाईट काय ते ज्याला इतकं नेमकं दाखवता येतं, त्याला चांगलं काय ते कळलेलं असतं." पोशाखांच्या खोलीची किल्लीसुद्धा त्यांनी त्याच्याकडे देऊन टाकली होती. त्या खोलीत वीस वर्षांचे झगे, टोप, दाढ्या आणि धूळ होती. खिडकी नव्हती. आणि कोणा शहाण्या गवंड्याने दिव्याचं बटण खोलीच्या बाहेर बसवलं होतं.

त्याच शाळेत बाईंची भाची होती. मोठ्या बहिणीची मुलगी. बहीण दूरच्या शहरात इस्पितळात परिचारिका, तिच्या पाळ्यांना ताळतंत्र नाही, म्हणून मुलगी आठवीपासून मावशीकडे. लहानपणी उशीखाली बिस्किटं साठवून ठेवायची म्हणून तिला सगळे खारू म्हणत. आताही ती साठवायचीच, फक्त बिस्किटांच्या जागी बोलणं. आतल्या आत.

आल्या-आल्या पहिल्याच आठवड्यात खारूने भर वर्गात "मावशी, मला दिसत नाहीये!" अशी हाक मारली होती, आणि मग पुढचे आठ दिवस सगळा वर्ग बाईंना मावशी म्हणत होता. शिपाईसुद्धा. तेव्हा दोघींनी करार केला. शाळेच्या फाटकाच्या आत बाई, फाटकाबाहेर मावशी. शाळेतलं शाळेत, घरचं घरी. शाळेतली चुगली जेवणाच्या टेबलावर यायची नाही आणि घरातलं भांडण वर्गात जायचं नाही. बाईंना या कराराचा फार अभिमान होता. 'आमच्याकडे कसं, दोन खाती वेगळी,' असं त्या सगळ्यांना सांगायच्या.

वकिलाची आणि खारूची जोडी जमली तेव्हा बाईंनी वरवर भुवया उंचावल्या आणि आतून पेढा खाल्ल्यागत सुखावल्या. बहिणीला फोनवर म्हणाल्या, "तायडे, अगं मी स्वतः घडवलेला मुलगा आहे. पोरींना कसं वागवायचं ते याला शिकवावं लागणार नाही."

"तू म्हणतेस तर बघायलाच नको," ताई म्हणाली.

आणि खरंच, मुलगा कसा? खारूच्या मागे लागणं नाही, दर तासाला 'कुठेस' नाही. तो विचारायचा तर बाईंना विचारायचा. 'बाई, खारू नीट पोचली ना? पाऊस होता.' 'बाई, खारूला बरं वाटतंय का? आज डबा खाल्ला नाही तिने.' बाई लगेच उत्तर द्यायच्या. 'पोचली रे.' 'आज मैत्रिणीकडे थांबलीये अभ्यासाला, पुलाजवळच्या घरी.' 'केस कापायला गेलीये.' एकदा त्याने विचारलं, 'फोन बंद येतोय तिचा, सगळं ठीक ना?' बाईंनी लिहिलं, 'बंद कसला! इथेच तर बसलीये फोन घेऊन, हसतेय एकटीच.' आणि पुढे एक हसरा चेहरा.

दुसऱ्या दिवशी खारू शाळेतून आली ती डोळे सुजवून. म्हणाली, पोशाखांच्या खोलीत धूळ फार. बाईंनी तिला धुळीच्या त्रासावरची गोळी दिली, वर कोमट पाणी.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या. बाईंची नजर भांड्यावर, खारूची शेंगेवर. एक शेंग तिने कितीतरी वेळ सोललीच नाही, नुसती बोटांत फिरवत राहिली.

"बाई," ती म्हणाली, "तुम्हाला एक विचारायचं होतं."

बाईंना हसूच फुटलं. "अगं, इथे कसली बाई आणि कसलं तुम्ही! तास संपला केव्हाच. घरी मावशी म्हणायचं, विसरलीस करार?"

खारूने शेंग फोडली. आतला एक दाणा उडून कपाटाखाली गेला.

"काही नाही," ती म्हणाली. "मीठ संपलंय, तेवढंच सांगत होते."

मीठ संपलेलं नव्हतं. बाईंनी डबा उघडून पाहिला, 'भरलाय की गं' म्हणाल्या आणि पुन्हा मटाराला लागल्या.

त्या गुरुवारी लफडी-तासाला वकील आणि बुलबुल नावाची बडबडी मुलगी प्रसंग करणार होते. बाईंनी विषय दिला: ती मैत्रिणीकडे निघालीये, त्याला ते आवडलेलं नाही. "आणि हे बघ," त्या वकिलाला म्हणाल्या, "नेहमीसारखा सुरुवातीलाच डाफरू नकोस. हळूहळू बिघडव. बघू या ही मंडळी कुठे जागी होतात ते."

वकिलाने मान डोलावली. बुलबुल पिशवी खांद्याला अडकवून निघाली.

"जा ना," वकील म्हणाला. आवाज लोण्यासारखा. "मी कुठे अडवतोय?"

वर्ग टाळीसाठी हात सरसावून बसलेला. टाळी नाही.

"मुलंही असतील तिथे," बुलबुल म्हणाली.

"असू देत की. माझा विश्वास आहे तुझ्यावर." मागून कोणीतरी 'अगंबाई' असा सुस्कारा सोडला. वकिलाने तिच्या पिशवीचा पट्टा नीट केला. "आणि पोचल्यावर मला कळवत बसू नकोस. मी कशाला तुझ्यामागे लागू? मी आपला तुझ्या आईला विचारीन."

टाळी वाजली.

एकच. मागच्या भिंतीपासून आलेली, कोरडी. सगळ्या माना वळल्या. खारूचे दोन्ही हात अजून एकमेकांना चिकटलेले होते आणि ती स्वतःच त्यांच्याकडे बघत होती, जणू ते दुसऱ्या कोणाचे असावेत.

"हं," बाई म्हणाल्या. "काय बिघडलं?"

"तो..." खारू म्हणाली. "तो आईला विचारणार आहे."

हशा पिकला. "माझ्या आईला कोणी विचारलं असतं ना," एक मुलगी म्हणाली, "तर आईने त्यालाच दत्तक घेतलं असतं आणि मला काढलं असतं!" त्यावर आणखी हशा. आणि बाईही हसल्या. हसत-हसतच म्हणाल्या, "अगं, आईला विचारतोय, यात चोरून काय आहे? उघड-उघड तर आहे. टाळी जरा घाईची झाली हं. बस. चला पुढे."

तेव्हा वकील प्रसंगातून बाहेर येऊन म्हणाला, "असू द्या बाई. तिला तसं वाटलं असेल. प्रत्येकाच्या वाटण्याचा मान ठेवायला हवा." आणि खारूकडे पाहून मंद हसला.

हे वाक्य बाईंचंच होतं, पहिल्या तासाचं. बाईंना तेव्हा भरून आलं. खारू बसली. पुढे वकिलाने ठरल्याप्रमाणे आवाज चढवला, पिशवी हिसकावली आणि चाळीस जणांनी मिळून अशी टाळी वाजवली की कबुतरं उडाली.

शाळा सुटल्यावर बाई शिक्षकांच्या खोलीत चहा घेत होत्या. फोन थरथरला.

'बाई, खारू घरी पोचली का? आज जरा नाराज दिसली. काळजी वाटते.'

बाईंचा अंगठा सवयीने चालू लागला. 'नाही रे, आज तिचा पोहण्याचा' इथपर्यंत गेला आणि थांबला.

मी आपला तुझ्या आईला विचारीन.

तो कप बाईंनी खाली ठेवला की हातातच राहिला, त्यांना पुढे आठवलं नाही. त्या आपलीच उत्तरं वर-वर सरकवत वाचू लागल्या. पुलाजवळच्या घरी. केस कापायला. इथेच तर बसलीये फोन घेऊन. हसरा चेहरा. आणि दुसऱ्या दिवशी सुजलेले डोळे, आणि कोमट पाण्याबरोबर गोळी. आपण वर्गात घसा कोरडा करून सांगतो की फोन म्हणजे दावं होऊ शकतं. दावं होतंच. फक्त ते खारूच्या फोनला बांधलेलं नव्हतं. ते इथे होतं, आपल्या पर्समध्ये, चष्म्याच्या डबीशेजारी. कुंपणाने शेत खाल्लं म्हणतात. इथे कुंपणाला दाताखाली काय आलं तेही कळलं नव्हतं.

मग मटाराचा दाणा आठवला, कपाटाखाली गेलेला. घरात, मावशीसमोर बसून, त्या पोरीने 'बाई' म्हटलं होतं. पोरीला मावशी नकोच होती त्या वेळी. मावशी तर वकिलावर लट्टू होती. तिला हवी होती ती तास घेणारी, काय बिघडलं ते विचारणारी बाई. आणि बाईंनी तिला करार दाखवला.

पोशाखांच्या खोलीचं दार उघडं होतं. वकील झग्यांच्या घड्या घालत होता, काठाला काठ जुळवून.

"किल्ली दे," बाई म्हणाल्या.

"का बाई? उद्या तालीम आहे ना?"

"दे."

त्याने खिशातून किल्ली काढून दिली. बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "खारूने काही सांगितलं का तुम्हाला?"

"नाही," बाई म्हणाल्या. ते खरं होतं, आणि तेच त्यांना बोचलं.

"मग?"

"या खोलीत काय केलंस तू तिला?"

"बोललो." तो शांत होता. "ती खोटं बोलली की आम्ही बोलतो. शांतपणे. बाई, मी एकदा तरी तिचा फोन बघितलाय? विचारा तिला. हात उगारलाय? कुठल्या मैत्रिणीशी बोलू नको म्हटलंय? तुम्ही तासाला जे-जे नको म्हणता, त्यातलं एक दाखवा मी केलेलं. बोट लावलेलं नाही मी तिला."

"माझ्याकडून बातम्या काढल्यास."

"तुम्ही दिल्यात," तो म्हणाला. उद्धटपणे नाही. फळ्यावर बाईंची चूक झाली की एखादा हुशार मुलगा नम्रपणे दाखवतो, तसं. "मी फक्त विचारलं."

केसाने गळा कापणे, या वाक्प्रचाराचा अर्थ बाईंनी वर्गात कितीदा समजावला होता. केस आपल्याच डोक्यावरचा असतो आणि आपणच तो विंचरून, तेल लावून वाढवलेला असतो, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. त्यांना त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. हात उठलाही. मग त्यांनी त्या हातात किल्ली घट्ट धरली.

"घरी जा," त्या म्हणाल्या. "उद्या तालीम नाही. तुला तर कधीच नाही."

"कारण सांगावं लागेल तुम्हाला," वकील म्हणाला, आणि शेवटची घडी नीट ठेवून गेला.

व्हरांड्यात पावलं वाजली. गणिताच्या बाई. काटकुळ्या, टोकदार, म्हणून मुलं त्यांना कंपास म्हणत. गेली कित्येक वर्षं त्या शाळेत कोणाशी अंकांखेरीज बोलल्या नव्हत्या.

"इथे आहात होय," कंपासबाई म्हणाल्या. "चला खाली. तुमची भाची माझ्या खोलीत आहे. पोहायला गेली नाही, माझ्याकडे आली."

बाई जिना कसा उतरल्या ते त्यांनाच ठाऊक. खोलीच्या दाराशी मुख्याध्यापक उभे होते, रुमालाने मान पुसत. "अहो, आपला वकील म्हणजे... आपण सगळे ओळखतो त्याला. लगेच टोक गाठायला नको. शेवटी टाळी काही एका हाताने वाजत नाही."

"टाळी वाजत नसेल, सर," कंपासबाई म्हणाल्या, "पण दिवा बाहेरच्या बटणाने एकट्यालाही घालवता येतो. दारही एकट्याला धरून ठेवता येतं. ती 'चुकले' म्हणेपर्यंत. पहिल्यांदा लवकर म्हणाली. गेल्या वेळी तिला आवाजच फुटेना, तर तेवढा वेळ आत. आता त्याच्या आईवडिलांना तुम्ही फोन करता की मी करू? माझ्या बोलण्याला गोडवा नाही, माहितीये तुम्हाला."

मुख्याध्यापक फोन करायला गेले.

बाईंनी दाराच्या मुठीला हात घातला. कंपासबाईंनी तो अलगद बाजूला केला.

"तुम्ही नाही. ती नको म्हणतेय."

"अहो, मावशी आहे मी तिची!"

"तेच म्हणाली."

"मग बाई म्हणून तरी जाऊ द्या."

"बाई म्हणूनही नको, हेही म्हणाली." कंपासबाई जरा ओशाळल्या. "तिच्या आईला कळवलंय. उद्या दुपारपर्यंत पोचतील. तोवर ती माझ्याकडे राहते म्हणते. माझ्याकडे जागा आहे. मांजर आहे, पण ते चावत नाही."

बाहेर एक बाक होतं. मुलांच्या तक्रारी ऐकायला बोलावलेले आईबाप बसतात ते. बाईंनी आजवर त्या बाकावर कितीतरी आया बसलेल्या पाहिल्या होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून, 'घरी तर कधी काही बोलला नाही हो' म्हणणाऱ्या. आज त्या तिथे बसल्या. पर्स मांडीवर घट्ट धरून.

कंपासबाई शेजारी टेकल्या. "मला कशी निवडली, नवल आहे. सहामाहीला नापास केलंय मी तिला. तसं विचारलंही. तर म्हणे, तुम्ही दुसऱ्या आहात."

"दुसऱ्या?"

"तुमच्याच तासाचं काहीतरी आहे ना ते? पहिल्या माणसाने हसण्यावारी नेलं तर दुसऱ्याला सांगायचं. पाठच आहे तिला. मी म्हटलं, बरं झालं बाई शिकवतात ते. आता ती पहिली कोण होती देव जाणे. असली माणसं डोळ्यांना काय बांधून फिरतात..." आणि बोलता-बोलता त्यांचं लक्ष बाईंच्या चेहऱ्याकडे गेलं. अंकांच्या बाई त्या. हिशेब लागायला वेळ लागला नाही. मग उठून उगाचच खिडकी लावून आल्या.

दार उघडलं. खारू बाहेर आली, दप्तर पोटाशी धरून. रडून झालेलं होतं. आता चेहरा धुतल्या पाटीसारखा कोरा होता.

बाई उभ्या राहिल्या. सांगायला ढीगभर होतं. मला ठाऊक नव्हतं गं. मला त्याने फसवलं. मलाही. त्यांतलं एकेक वाक्य जिभेवर आलं आणि प्रत्येकात 'मी'च पुढे, म्हणून त्यांनी ती सगळी गिळली.

"टाळी बरोबर होती," त्या म्हणाल्या.

"मला माहितीये," खारू म्हणाली.

ती कंपासबाईंच्या मागून चालू लागली. बाईंच्या पर्समध्ये फोन थरथरला. त्या बारक्याशा आवाजाने खारूची पाठ ताठ झाली, हे बाईंनी पाहिलं. इतके दिवस जेवणाच्या टेबलावर, सोफ्यावर, हा फोन थरथरला की ही पाठ अशीच ताठ होत असणार, आणि आपण चष्मा शोधत असणार.

त्यांनी पर्स उघडली, न वाचता फोन बंद केला आणि तो खारूला दिसेल असा हातात धरून ठेवला.

खारू जिन्यापाशी थांबली. मागे वळली.

"मावशी," ती म्हणाली. फाटकाच्या आत, भर शाळेत. "मी कुठे जातेय ते कोणाला सांगू नकोस."

"नाही सांगणार."

खारूने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. बाजारात एकदा फसलेलं माणूस पुढच्या खेपेला त्याच दुकानातली वस्तू हातात फिरवून बघतं, तसं. घेतली असंही नाही, परत ठेवली असंही नाही. मग ती जिना उतरून गेली.

बाई वर गेल्या. पोशाखांच्या खोलीबाहेर दिव्याचं बटण चालू होतं. ते तसंच चालू ठेवून त्यांनी आतले झगे एकेक करून बाहेर काढायला सुरुवात केली.